फोटो स्वच्छ दिसतो, मग ‘नॉइज’ म्हणून परत का येतो?

स्टॉक एजन्सीला, म्हणजे फोटो वापरण्याचे परवाने विकणाऱ्या संस्थेला, फोटो पाठवायला सुरुवात केलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. मावळतीच्या उजेडात काढलेला एखादा फोटो असतो. मोबाइलवर छान दिसतो, लॅपटॉपवर छान दिसतो, चार जणांना दाखवला तर चौघांनाही आवडतो. काही दिवसांनी उत्तर येतं : फोटो नाकारला आहे, कारण नॉइज. पुन्हा उघडून पाहावा तर फोटो तितकाच स्वच्छ. मग वाटतं, तपासणाऱ्याने घाईत निकाल लावला, किंवा एखाद्या यंत्राने परस्पर बाद केला.

असं वाटणं स्वाभाविक आहे, पण बहुतेक वेळा खरं कारण वेगळंच असतं. तुम्ही आणि तपासणारा एकच फोटो पाहत असलात तरी वेगवेगळ्या अंतरावरून पाहत असता. याच्या उलटही घडतं. नॉइजच्या धास्तीने लोक फोटो इतका घासून काढतात की माणसाची त्वचा मेणासारखी होते, आणि मग तो दुसऱ्याच कारणाने परत येतो. मला ही दुसरी चूक जास्त लागते. पहिल्या चुकीत फोटो निदान शाबूत असतो. दुसरीत तो आपल्याच हाताने बिघडलेला असतो.

फोटोत नॉइज आहे का, हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. नॉइज प्रत्येक फोटोत असतो. तो कसला आहे, कुठे आहे आणि तपशिलाच्या आड येतो का, हे पाहायचं असतं. आणि ते पाहायला शिकता येतं.

## नॉइज म्हणजे नेमकं काय

रेडिओवर स्टेशन नीट लागलं नाही की आवाजामागे खरखर ऐकू येते. फोटोतला नॉइज म्हणजे डोळ्यांना दिसणारी तीच खरखर. जिथे एकसारखा रंग असायला हवा, तिथे शेजारशेजारचे ठिपके कमीजास्त उजळ किंवा वेगळ्याच रंगाचे येतात, आणि सपाट भाग रवाळ दिसू लागतो.

हा कॅमेऱ्याचा दोष आहे असं समजलं जातं. पण त्यातला मोठा वाटा प्रकाशाच्या स्वभावातच असतो. पावसाचं उदाहरण घ्या. मोकळ्या जागेत एकाच मापाची शंभर भांडी शेजारी शेजारी मांडली आणि भुरभुर पावसात थोडा वेळ ठेवली. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतोय. तरी मोजायला गेलात तर एका भांड्यात ९ थेंब, शेजारच्यात ६, त्यापलीकडच्यात १३. कुठला थेंब कुठे पडेल याचा नेम नसतो, म्हणून हा फरक. तीच भांडी तासभर मुसळधार पावसात ठेवली तर सगळ्यांतलं पाणी जवळपास एका पातळीला आलेलं दिसेल. थेंबांच्या संख्येतला फरक तेव्हाही असतो, किंबहुना वाढलेला असतो, पण एकूण पाण्याच्या मानाने तो जाणवत नाही.

कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा तुकडा म्हणजे सेन्सर. त्यावरचे पिक्सेल, म्हणजे प्रकाश मोजणारे बारीक ठिपके, ही ती भांडी, आणि फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, हे थेंब. यातलं गणित पक्कं आहे : सरासरी जितके फोटॉन, त्याच्या वर्गमुळाइतका चढउतार. एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन येत असतील तर चढउतार १० च्या आसपास, म्हणजे १० टक्के. १०,००० येत असतील तर १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. सावलीतला भाग उजेडातल्या भागापेक्षा रवाळ का दिसतो, याचं उत्तर इथे आहे. तिथे थेंबच कमी पडले.

यात कॅमेऱ्याची स्वतःचीही थोडी भर पडते. पिक्सेलमधला संदेश मोजताना इलेक्ट्रॉनिक्समध्ये किंचित गडबड होते, आणि सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही काही पिक्सेल आपोआप उजळतात. पण भरपूर उजेडात ही भर नगण्य असते. ती डोकं वर काढते ती अंधारात आणि लांबलचक एक्सपोजरमध्ये, म्हणजे सेन्सरवर बराच वेळ प्रकाश पडू दिला की.

## आयएसओवर खापर फोडण्याआधी

‘आयएसओ वाढवला की नॉइज वाढतो’ हे वाक्य इतकं रूढ आहे की ते तपासून पाहावंसंही वाटत नाही. पण आयएसओ, म्हणजे फोटो किती उजळ नोंदवायचा याची कॅमेऱ्यातली सेटिंग, हे आवाज मोठा करणारं बटण आहे. रेकॉर्डिंगच दबक्या आवाजात झालं असेल तर बटण फिरवल्यावर बोलणं मोठं होतं, तशी मागची खरखरही मोठी होते. खरखर बटणाने तयार केलेली नसते. प्रकाश कमी मिळाला म्हणून ती आधीच तिथे होती.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. नॉइज नको म्हणून अनेक जण हट्टाने आयएसओ १०० वर फोटो काढतात, तो काळवंडतो, आणि मग संगणकावर तीन स्टॉपने उजळवतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट. तीन स्टॉप म्हणजे आठपट. त्याच शटरला, म्हणजे प्रकाश तितकाच वेळ आत घेऊन, आणि लेन्सचं छिद्र तितकंच उघडं ठेवून, म्हणजे त्याच अ‍ॅपर्चरला आयएसओ ८०० वर सरळ काढलेला फोटो यापेक्षा वाईट येत नाही, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांवर सावल्यांमध्ये उलट जास्त स्वच्छ येतो. फाइलसोबतच्या माहितीत ‘आयएसओ १००’ लिहिलेलं असलं तरी तपासणारा ती माहिती पाहून निर्णय घेत नाही, तो सावलीतले रवे पाहतो.

‘अमुक आयएसओच्या वरचे फोटो पाठवू नका’ हा सल्लाही म्हणूनच पोकळ आहे. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटरचा, साधारण २२५ चौरस मिलिमीटर. पहिल्याचं अंगण जवळजवळ चौपट मोठं, म्हणून शटर आणि अ‍ॅपर्चर तेच ठेवलं तर एकूण पाऊसही चौपट पडतो. एका कॅमेऱ्यावरचा आयएसओ १६०० दुसऱ्यावरच्या आयएसओ १६०० सारखा दिसत नाही. आकडा आठवत बसण्यापेक्षा फोटो पाहायला शिकणं बरं.

## दाणा वेगळा, डाग वेगळा

नॉइज दोन तऱ्हेचा असतो, आणि हा फरक डोळ्यांना कळू लागला की अर्धं काम झालं.

पहिला उजळपणाचा. ठिपके कमीजास्त उजळ, पण रंग तोच. हा बारीक दाण्यासारखा दिसतो. वर्षानुवर्षं फिल्मवर छापलेले फोटो पाहिल्यामुळे म्हणा किंवा कागदाचा पोत ओळखीचा असल्यामुळे म्हणा, असा दाणा आपल्याला फारसा खटकत नाही.

दुसरा रंगाचा. करड्या भिंतीवर हिरवट आणि जांभळट ठिपके, काळ्या कोटावर लालसर चट्टे. निसर्गात असं काही दिसत नाही, त्यामुळे हे लगेच खटकतं. ते कुठून येतात? सेन्सरला मुळात रंग कळत नाही. त्याच्या पिक्सेलांवर रंगीत गाळण्या बसवलेल्या असतात : निम्म्यांवर हिरवी, पाव भागावर लाल, पाव भागावर निळी. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी बसवली, १९७६ साली तिचं पेटंट मिळालं, आणि आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तीच वापरात आहे. प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजाऱ्यांना विचारून ठरवले जातात. शेजारीच चुकीचं सांगत असतील तर चूक एका ठिपक्यापुरती राहत नाही, तिचा डाग होतो.

पिवळ्या बल्बच्या उजेडात हे जास्त जाणवतं. त्या उजेडात निळा प्रकाश फारच थोडा असतो. व्हाइट बॅलन्स नीट करताना, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल असे रंग बसवताना, सॉफ्टवेअर निळ्याला भरपूर उचलतं, आणि निळ्यातली खरखरही सोबत वर येते. घरातल्या पिवळ्या दिव्यात काढलेल्या फोटोच्या सावल्या एवढ्या डागाळलेल्या का, याचं मुख्य कारण हे.

आणखी एक प्रकार आहे. तो क्वचित दिसतो, पण दिसला की फोटो पाठवू नये : पट्टे. अंधाऱ्या भागात आडव्या किंवा उभ्या फिकट रेघा. विखुरलेले रवे डोळा माफ करतो. एका ओळीत आलेली गोष्ट किती का फिकट असेना, ती त्याला दिसतेच.

## ‘१०० टक्के’वर पाहायचं म्हणजे किती जवळून?

आता त्या सुरुवातीच्या कोड्याकडे. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे रुंदीला ६००० आणि उंचीला ४००० पिक्सेल. लॅपटॉपच्या पडद्यावर तो पूर्ण दिसावा म्हणून समजा १५०० पिक्सेल रुंदीत बसवला. म्हणजे फोटोतले १६ पिक्सेल मिळून पडद्यावरचा एक ठिपका. सोळांची सरासरी काढली की चढउतार एकमेकांना खातात आणि खरखर साधारण पावपट उरते. मोबाइलवर त्याहून कमी. तुम्ही पाहिलेला फोटो खरोखरच स्वच्छ होता. फक्त ती फाइल तुम्ही अजून पाहिलीच नव्हती.

१०० टक्के म्हणजे फोटोतला एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर. साध्या मॉनिटरवर इंचाला साधारण ९६ पिक्सेल असतात. त्या हिशेबाने ६००० पिक्सेलचा अख्खा फोटो मांडायला ६२ इंचांहून रुंद पडदा लागेल. पाच फुटांहून मोठं पोस्टर भिंतीवर लावून हातभर अंतरावर नाक नेऊन पाहावं, तसं हे पाहणं आहे. एजन्सीची तपासणी याच अंतरावरून होते.

इथे एक खाचखळगा आहे. नव्या लॅपटॉपांचे आणि ४-के पडदे फार दाट पिक्सेलांचे असतात. त्यांच्यावर १०० टक्केलाही पिक्सेल इतके बारीक दिसतात की नॉइज नजरेतून सुटतो. असा पडदा असेल तर २०० टक्केवर पाहा. उलट साध्या मॉनिटरवर २०० किंवा ३०० टक्केला जाऊन घाबरून घेऊ नका. तिथे जगातला कुठलाही फोटो रवाळ दिसेल. पडद्याचा उजेडही मध्यम ठेवा. फार मंद पडद्यावर सावल्यांतले डाग काळ्यात बुडून जातात.

आणि पाहायचं कुठे? पानांच्या गर्दीत, खडीत, गवतात नॉइज शोधून उपयोग नाही, तिथे तो मुरून जातो. सर्वांत आधी सावल्या, त्यातही ज्या तुम्ही सॉफ्टवेअरच्या स्लायडरने उजळवल्या आहेत त्या. मग आकाश, विशेषतः वरच्या कोपऱ्यांतला गडद निळा. मग धूसर पार्श्वभूमी. मागची सगळी झाडी फोकसच्या बाहेर जाऊन लोण्यासारखी मऊ झालेली असते आणि त्या मऊपणावर एकेक रवा उठून दिसतो. शेवटी चेहऱ्याची सावलीकडची बाजू. या चार ठिकाणी फोटो टिकला तर बाकीच्या भागांची चिंता सहसा करावी लागत नाही.

## ‘एवढ्या जवळून कोण पाहतं? गिऱ्हाईक तर वेबसाइटलाच लावणार!’

हा आक्षेप रास्त आहे. बहुतेक फोटो शेवटी लहान आकारातच वापरले जातात आणि तिथे हा नॉइज दिसणारही नाही.

अडचण अशी की स्टॉक फोटो हा आधी काढून ठेवलेला, नंतर कुणीही परवाना घेऊन वापरू शकेल असा फोटो असतो. तो कोण घेईल आणि त्याचं काय करेल, हे एजन्सीला माहीत नसतं. एखादा डिझायनर त्यातला एक कोपराच कापून घेईल. २४ मेगापिक्सेलमधून ६ मेगापिक्सेलचा तुकडा काढून तितक्याच आकारात छापला तर प्रत्येक रवा दुप्पट मोठा होतो. दुसरा डिझायनर माणसाची बाह्यरेषा कापून त्याला वेगळ्या पार्श्वभूमीवर बसवेल. केसांच्या कडेला नॉइज असेल तर कट नीट बसत नाही. तिसरा फोटो उजळवेल, रंग बदलेल, आणि दबलेली खरखर वर येईल. ६००० पिक्सेलचा फोटो इंचाला ३०० पिक्सेल या छपाईच्या नेहमीच्या मापाने २० इंच रुंद छापता येतो, म्हणजे ए-३ कागदापेक्षा मोठा. फाइल एवढी मोठी आहे असं सांगून दिली, तर ती तेवढ्या कामाची असायला हवी.

‘पण मला फिल्मसारखा दाणा आवडतो, मी तो मुद्दाम घातलाय’ असंही काही जण म्हणतात. स्वतःच्या प्रदर्शनासाठी जरूर घाला. स्टॉकला पाठवताना नको. दाणा हवा असेल तर घेणारा दोन मिनिटांत घालू शकतो. घातलेला दाणा काढणं मात्र त्याच्या हातात राहत नाही.

## मग चालतो किती?

कुठलीही एजन्सी ‘एवढा नॉइज चालेल’ असा आकडा देत नाही, आणि देऊही शकत नाही, कारण तो फोटोवर अवलंबून असतो. मी स्वतः ज्या कसोटीवर येऊन थांबलो आहे ती अशी : १०० टक्केवर नॉइज शोधावा लागतो की तो आपणहून समोर येतो? शोधल्यावर बारीक, एकसारखा, बिनरंगी दाणा सापडत असेल, तर फोटो पाठवावा. फोटो उघडताच नजर विषयाकडे जायच्या आधी रव्यांकडे जात असेल, तर नाही.

दुसरी कसोटी तपशिलाची. विषयाचा जो भाग फोकसमध्ये आहे, तिथले बारकावे नॉइजपेक्षा ठळक असले पाहिजेत. पापणीचे केस वेगवेगळे मोजता येतात का? कापडाची वीण दिसते का, की वीण आणि रवे एकमेकांत मिसळलेत? बारकावे दिसत असतील तर त्यांच्यासोबतचा थोडा दाणा खपून जातो. नसतील तर नॉइज काढूनही उपयोग नाही, कारण त्याच्याखाली काही उरलेलंच नाही.

तिसरी गोष्ट, विषय काय मागतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर मांडलेल्या वस्तूचा फोटो स्टुडिओच्या दिव्यांत काढता येतो, ट्रायपॉड लावता येतो, वेळही हवा तेवढा असतो. तिथे दिसणाऱ्या नॉइजला सबब नाही. आणि असेच फोटो एजन्सीकडे आधीच ढिगाने असल्याने तपासणाऱ्यालाही दया दाखवायचं कारण नाही. रात्री खेळाडू हवेत झेपावलाय, किंवा रंगमंचावर एकाच दिव्याच्या झोतात नर्तकी फिरतेय, तिथे १/१००० सेकंदाचं शटर किंवा अंधुक उजेड टळतच नाही. असा क्षण पुन्हा मिळणार नसतो. बातमीमूल्य असलेल्या, संपादकीय वापराच्या फोटोंकडे म्हणूनच सहसा थोड्या सैल नजरेने पाहिलं जातं. सैल नजर बारीक दाण्यापुरती असते. रंगीत डाग आणि पट्टे तिथेही चालत नाहीत.

मनात शंका असेल तेव्हा फोटो बंद करून दुसऱ्या दिवशी उघडा. अर्धा तास रवे शोधत बसलेल्या डोळ्याला रव्यांशिवाय काही दिसत नाही.

## ‘नॉइज रिडक्शन लावलं की झालं ना?’

नॉइज रिडक्शन म्हणजे शेजारच्या पिक्सेलांना आपसांत बोलायला लावून सरासरीवर आणणं. पण सॉफ्टवेअरला रवा कुठला आणि त्वचेवरचं छिद्र कुठलं, हे नेहमी ओळखता येत नाही. स्लायडर जास्त ओढला की दोन्ही जातात. केसांचे पुंजके होतात, दगडी भिंत जलरंगात रंगवल्यासारखी होते. तपासणाऱ्याच्या दृष्टीने हा नॉइजइतकाच मोठा दोष आहे.

रंगाचा नॉइज मात्र बिनधास्त कमी करावा. रंगातले बारीक बदल टिपण्यात आपला डोळा कच्चा असतो, उजळपणातले टिपण्यात पक्का. जेपीजी फाइलमध्येसुद्धा रंगाची माहिती उजळपणापेक्षा कमी बारकाव्याने साठवण्याची सोय याच कारणासाठी आहे. त्यामुळे रंगीत डाग पुसले तरी फोटोचा तपशील फारसा हलत नाही. उजळपणाचा दाणा मात्र हलक्या हाताने, आणि शक्य तर जागा निवडून कमी करावा : आकाशावर, धूसर पार्श्वभूमीवर ब्रश फिरवा, डोळे आणि केस सोडून द्या. थोडा दाणा शिल्लक राहू द्या.

तो राहू द्यायला आणखी एक कारण आहे. नेहमीच्या जेपीजीमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. आकाशात निळा हळूहळू फिकट होत जातो, आणि पायऱ्या कमी पडल्या की गुळगुळीत उताराऐवजी रंगाचे पट्टे दिसू लागतात. बारीक दाणा या पायऱ्यांच्या कडा मोडून टाकतो. आकाश पूर्ण घासून काढलं की नॉइज जातो आणि पट्टे येतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधनं आल्यापासून बरंच बदललंय. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅडोबीने २०२३ मध्ये असं डीनॉइज, म्हणजे नॉइज काढणारं साधन, आणलं, आणि रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न करता जशीच्या तशी ठेवलेल्या फाइलवर, ते खरोखर थक्क करणारं काम करतं. पण ते नुसतं पुसत नाही. असंख्य फोटोंवर शिकलेलं असल्याने ‘इथे बहुधा असं असेल’ म्हणून भरतंही. म्हणून त्यानंतर दोन जागा मी हमखास तपासतो. एक, मागच्या गर्दीतले लहान चेहरे. दुसरी, पाट्यांवरची आणि वस्तूंवरची बारीक अक्षरं. जिथे अक्षर अर्धवट दिसत होतं तिथे कधी कधी कुठल्याच लिपीत नसलेली खूण उमटते. पूर्ण जोर लावण्याऐवजी निम्म्याच्या आसपास थांबलं तर हे बरंच टळतं.

## ‘आयएसओ १०० आहे, भर दुपार आहे, तरी नॉइज?’

असे फोटो परत आले की माणूस खरोखर गोंधळतो. इथे दोष बहुतेक वेळा संगणकावर नंतर केलेल्या संस्कारांचा असतो. शार्पनिंग म्हणजे शेजारच्या पिक्सेलांमधला फरक वाढवणं. ते कडांवर व्हावं अशी आपली अपेक्षा, पण सॉफ्टवेअर आकाशातल्या रव्यांचाही फरक वाढवतं. क्लॅरिटी (उठाव वाढवणारा) आणि डीहेझ (धुरकटपणा घालवणारा) हे स्लायडर तर आकाश गडद करताना त्यातली सगळी खरखर ओढून वर आणतात. लाइटरूमच्या शार्पनिंगमध्ये मास्किंग नावाचा स्लायडर आहे. ऑल्टचं किंवा मॅकवर ऑप्शनचं बटण दाबून तो सरकवला की जिथे शार्पनिंग होणार तो भाग पांढरा आणि बाकीचा काळा दिसतो. आकाश काळं होईपर्यंत तो सरकवला की शार्पनिंग कडांपुरतं उरतं.

कधी कधी ज्याला आपण नॉइज समजतो तो जेपीजीचा मळ असतो. जेपीजी फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलांचे चौकोन पाडून त्यांतला तपशील आवळते. कमी दर्जावर सेव्ह केलं, किंवा तीच फाइल पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह केली, की कडांच्या भोवती माश्या घोंगावल्यासारखे ठिपके आणि चौकोनांच्या पुसट सीमा दिसू लागतात. उपाय सोपा : काम रॉमधून किंवा १६-बिट टिफमध्ये, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या फाइलमध्ये, करायचं, आणि सर्वांत शेवटी एकदाच, वरच्या दर्जाची जेपीजी काढायची.

## ‘फोटो लहान करून पाठवला तर?’

हा प्रामाणिक उपाय आहे, आणि तो पुरेसा वापरला जात नाही. ६००० बाय ४००० चा फोटो ३००० बाय २००० केला की चार पिक्सेलांचा एक होतो आणि नॉइज साधारण निम्मा होतो. तपशील मऊ असेल तर तोही जरा घट्ट वाटतो.

किती लहान करायचा याला एजन्सीच्या किमान आकाराची मर्यादा आहे. अ‍ॅडोबी स्टॉक आणि शटरस्टॉक यांची अट किमान ४ मेगापिक्सेलची आहे. अ‍ॅलामी फाइल उघडल्यावरच्या आकारात बोलते : किमान १७ एमबी. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले तर ते जवळपास ६ मेगापिक्सेल होतात. तरी अगदी किमान मर्यादेपर्यंत उतरू नये. नियम बदलतात, आणि मोठी फाइल शोधणारं गिऱ्हाईक हातचं जातं. २४ चा १२ करून भागत असेल तर १२ वर थांबावं. आणि ४ मेगापिक्सेलपर्यंत आणूनही डाग दिसत असतील तर तो फोटो स्टॉकसाठी नाही, इतकं मान्य करावं.

मोबाइलच्या फोटोंबद्दल इथेच सांगतो. एवढासा सेन्सर असूनही ते स्वच्छ दिसतात, कारण फोन एका दाबात अनेक फोटो काढून त्यांची सरासरी करतो आणि वरून जोरदार नॉइज रिडक्शन व शार्पनिंग लावतो. भर उजेडात ते उत्तम चालतात. मंद उजेडातला फोटो १०० टक्केवर उघडलात तर पानांचा लगदा आणि कडांना पांढऱ्या रेघा दिसतील. फोनमध्ये रॉची सोय असेल तर ती वापरा.

## कॅमेरा हातात असतानाच

फोटो काढतानाचा एक निर्णय नंतरच्या दहा स्लायडरांपेक्षा भारी असतो. हायलाइट, म्हणजे सर्वांत उजळ भाग, जळून नुसते पांढरे होणार नाहीत इतपत फोटो उजळ काढा, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजळ-गडद भागांचा आलेख) उजव्या भिंतीला टेकू न देता उजवीकडे झुकवा, आणि हवं तर नंतर काळा करा. उजळ फोटो काळा करताना खरखर दबते. काळा फोटो उजळवताना ती वर येते.

विषय हलत नसेल तर ट्रायपॉडवर तोच फोटो अनेकदा काढून संगणकावर सरासरी करा. ४ फोटोंत नॉइज निम्मा होतो, १६ फोटोंत पाव. रात्रीच्या इमारती, बंद खोलीतली वस्तू, अशा ठिकाणी हा मार्ग कुठल्याही सॉफ्टवेअरच्या डीनॉइजपेक्षा खरा आहे, कारण इथे काहीच अंदाजाने भरलेलं नसतं. लांब एक्सपोजरमध्ये कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू ठेवा. कॅमेरा शटर बंद ठेवून तितक्याच वेळाचा दुसरा फोटो घेतो आणि तापलेल्या पिक्सेलांचे ठिपके पहिल्यातून वजा करतो. दोन मिनिटांच्या एक्सपोजरला आणखी दोन मिनिटं थांबावं लागतं, एवढीच त्याची किंमत.

## परत आलेल्या फोटोचं काय करायचं

तोच फोटो, तशीच फाइल, ‘या वेळी दुसरा तपासणारा असेल’ या आशेवर पुन्हा पाठवू नका. काही एजन्सींमध्ये एका तुकडीतला एक फोटो नापास झाला की सोबतची सगळी तुकडी परत येते, म्हणजे चांगल्या फोटोंचाही वेळ जातो. जेपीजीवर डागडुजी करण्याऐवजी रॉवर परत जा, सगळे स्लायडर शून्यावर आणा आणि १०० टक्केवर त्या चार जागा पाहा. बऱ्याचदा सापडतं की कॅमेऱ्याने दिलेला फोटो ठीक होता. उजळवलेली सावली आणि डीहेझ यांनी तो बिघडवला होता.

आणि जे फोटो त्यातूनही सुटत नाहीत, त्यांच्या रॉ फाइल पुसू नका. मी त्यांचा एक वेगळा फोल्डर ठेवतो आणि सॉफ्टवेअरची मोठी नवी आवृत्ती आली की तो उघडतो. दहा वर्षांपूर्वी हताश होऊन बाजूला टाकलेले काही फोटो त्यातून बाहेर आले आहेत : तीच फाइल, तेवढेच फोटॉन, पण सावलीतला चेहरा आता वाचता येतो.